केस बघून घेतलेले टायर

पिकअपसाठी मी चार टायर घेतले, ते त्यांच्या अंगावरचे केस बघून घेतले.

नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात. साच्यातून निघताना ते राहून जातात आणि रस्त्यावर चार दिवस फिरले की झडतात. टायरच्या बाबतीत माझं शिक्षण एवढ्यावर संपलं होतं. एवढ्या शिक्षणावर माणसानं घरी गप्प बसावं. मी बाजारात गेलो. त्या काळात माझ्या स्वतःच्या डोक्यावरही दाट, मागे वळवलेलं रान होतं आणि केस आहेत म्हणजे माल चांगला, असा माझा एकूणच समज होता. आता डोक्याचा पार गोटा झाला आहे. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरलाही आमच्याकडे गोटाच म्हणतात.

नव्वदच्या दशकात मी नारायणगावच्या एका बागायतदाराच्या टेम्पोवर ड्रायव्हर होतो. टायर बसला तर मालकाचा बसायचा. मी आपला बाभळीखाली शेंगा फोडत बसायचो. पुढे दोन हजार साल उलटल्यावर स्वतःची डिझेल पिकअप घेतली. पांढरीशुभ्र. पिंपळवंडीत घरासमोर ती उभी केली तेव्हा पहिला आठवडाभर मी जेवायलासुद्धा दाराकडे तोंड करून बसत होतो. बायको म्हणायची, "अहो, भाकरीकडं बघा, ती गाडी काय पळून जात नाही."

गाडी सोन्यासारखी होती. तिच्या टायरांचा बळी मी घेतला, आणि तो दोन वर्षांत घेतला. टोमॅटोचे क्रेट भरताना "अजून दोन थर बसतील" हे वाक्य कायम माझं. हवा मोजायला मी कधी गेज लावला नाही. माझी पद्धत वेगळी होती: चपलेची एक लाथ घालायची. 'ठप' वाजलं तर हवा बरोबर, 'ठुप' वाजलं तर कमी. ठप आणि ठुप यांतला फरक फक्त मलाच कळतो, असं मी चारचौघांत सांगायचो. लोक मान डोलवायचे. त्यांना माझ्या गाडीत फुकट यायचं असायचं.

अशात एक दिवस सासरे घरी आले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामा बेल्ह्याचे. बेल्ह्याच्या जनावरांच्या बाजारात एखादा बैल त्यांच्यासमोरून नुसता गेला, तरी त्याचं वय काय, स्वभाव काय आणि विकणाऱ्यानं लपवलंय काय, हे तिन्ही ते जागेवर सांगत. लोक बैल घेण्याआधी मामांना चहा पाजत आणि विकणारे ते दिसले की बैल दुसऱ्या कोपऱ्यात नेत.

मामांनी त्या वर्षी शर्यतीसाठी खोंडांची एक नवी जोडी तयार केली होती. दोन वर्षं त्या जोडीला जपलं होतं. घरात दूध कमी पडलं तर चहा काळा व्हायचा, खोंडांचं दूध कमी व्हायचं नाही. आमच्या भागात शर्यतीच्या गाड्याला चार बैल जुंपतात. दोन मामांचे आणि दोन आंबेगावकडच्या त्यांच्या एका जोडीदाराचे, असं ठरलं होतं. चैत्रात घोडेगावच्या पुढच्या एका गावची यात्रा होती, तिथं ही जोडी पहिल्यांदा पळणार होती. शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. घाटावर नंबर पुकारल्यावर गाडा हजर नसला की बारी गेली, मग पुढच्या वर्षी या. त्यात आपली तर जातेच, जोडीदाराचीही जाते.

मामा पाणी प्यायले, पिकअपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "जावईबापू, औंदा बैलं तुमच्या गाडीतनं न्यायची."

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. दरवर्षी बैल त्यांच्या शेजाऱ्याच्या टेम्पोतून जात. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि जावई म्हणून मला मिळालेलं हे पहिलं खरं काम. मी "हो मामा, हो मामा" असं चारदा म्हणालो.

मामा उकिडवे बसून चाकाकडं बघत होते. "पर हिचं पाय गेल्यात. तेवढं बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आळेफाट्याजवळच्या टायरवाल्या मिस्त्रींकडं गेलो. मिस्त्रींनी उमेदीची सगळी वर्षं एका वर्कशॉपात ट्रकचे टायर उतरवण्यात घालवली होती, आणि आता रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान टाकलं होतं. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाहेर हवेचा कॉम्प्रेसर, आणि दोन्हींच्या मधे मिस्त्री, तितकेच शांत. माणसाकडं बघायच्या आधी ते त्याच्या टायरकडं बघत.

त्यांनी चारही चाकांवरून हात फिरवला. मग विचारलं, "भाऊ, गाडी तुमीच चालवता ना?"

"हो."

"मंग दोष दुसऱ्यावर ढकलता यायचा न्हाई." पुढच्या चाकाच्या आतल्या कडेवर त्यांनी बोट टेकवलं. "हे बगा, आतनंच खाल्लंय. चाकं सरळ न्हाईत, फेंगडी चालत्यात. अलाइनमेंट कवा केलती?"

"कशाची?"

"झालं." ते मागच्या चाकाकडं सरकले. "हितं दोनी कडा गेल्यात आन मधली नक्षी शाबूत हाय. म्हंजी हवा कमी आन वजन लई. हवा लई आसती तर मधनं झिजलं आसतं."

"मी हवा रोज बघतो, मिस्त्री."

"कशानं?"

मी पायाकडं बघितलं. मिस्त्रींनीही माझ्या पायाकडं बघितलं.

"आन हे डावं उजव्यापेक्षा जास्त झिजलंय," ते म्हणाले. "डाव्या अंगाला मानसं लटकवता का?"

मी गार. रोज सकाळी फाट्यापर्यंत पाच-सहा माणसं डाव्या बाजूला फळीवर उभी राहून यायची. हा माणूस आता माझं लग्न कुठं ठरलं तेही टायर बघून सांगतो की काय, असं वाटायला लागलं.

मग मिस्त्रींनी आतून एक टायर काढून दाखवला. अगदी शाळामास्तरासारखा: काळा, साधा, सरळ रेघांचा, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. "चारी आसलंच घ्या. लई खोल नक्षीच्या नादाला लागू नका, राव. तसला चिखलात बरा. डांबरीवर तापतो आन भराभरा घासतो. आन कडंला लिवल्यालं वाचा. किती वजन पेलंल ते कंपनीनं लिवल्यालं आसतं. तुमच्या टमाट्याच्या हिशेबानं ह्यो घ्या. चारी हितं तयार हायती."

मी टायरकडं बघितलं. टायरनं माझ्याकडं बघितलंच नाही, इतका तो साधा होता. यात्रेला सासरवाडीचा अख्खा गाव येणार, गाडीभोवती चक्करा मारणार, आणि मी हे मास्तर लावून जाऊ? "विचार करून सांगतो," असं म्हणून मी निघालो. टायरवाल्याला असं म्हणणारा माणूस परत येत नाही, हे मिस्त्रींना माहीत होतं. त्यांनी टायर पुन्हा जागेवर ठेवला.

दोन दिवसांनी बेल्ह्याचा बाजार होता. घुंगरमाळा, कासरे, वेसणी मांडलेल्या रांगेच्या शेवटाला एका परक्या पावण्यानं ताडपत्री टाकली होती, आणि त्या ताडपत्रीवर ते उभे होते. टायर! काळेभोर, उन्हात चमकणारे. खोल खोल नक्षी, मुठीएवढे रबराचे गट्टू. आणि अंगभर केस! मी जवळ जाऊन हात फिरवला, केस बोटांना गुदगुल्या करत होते. आतापर्यंत मी फक्त स्वतःच्या डोक्यावरून इतक्या प्रेमानं हात फिरवला होता.

"नवा हाय का?" मी विचारलं.

"केस बगा की, साहेब," पावणा म्हणाला.

याच्यापुढं वकिली करायला काही उरलंच नाही. आता राहिला सौदा. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा सौदा उपरण्याखाली होतो. घेणारा आणि देणारा कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात, बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. सासऱ्यांचा बाजार, सासऱ्यांची रीत. मी रुबाबात उपरणं त्याच्या हातावर टाकलं आणि खालून तीन बोटं दाबली. पावण्यानं चमकून माझ्याकडं बघितलं, मग हसून माझा अख्खा पंजा धरला आणि प्रेमानं दोनदा हलवला. बोटांची भाषा त्याला मुळीच येत नव्हती. त्याला वाटलं हा फार आदबशीर माणूस आहे. मला वाटलं त्यानं भाव मान्य केला. उपरणं काढल्यावर त्यानं तोंडानं त्याचा भाव सांगितला आणि मी तो मुकाट्यानं मान्य केला, कारण एवढं सगळं केल्यावर मागं फिरणं बरं दिसलं नसतं.

टायर बसवून घेतले ते फाट्याच्या पलीकडच्या दुकानात. त्यासाठी मिस्त्रींच्या दुकानासमोरून जावं लागू नये म्हणून मी दोन गावं फिरून गेलो. जुन्या चारांतला त्यातल्या त्यात बरा एक स्टेपनी म्हणून ठेवला. घरी आल्यावर बायकोनं चाकांकडं बघितलं आणि म्हणाली, "याची दाढी कधी करायची?"

यात्रेच्या दिवशी सकाळी मामांचे दोन्ही खोंड हौद्यात चढवले. खाली भुसा, वर गोणपाट, शिंगांना रंग, पाठीवर झुली. मामा बैलांसोबत मागं. माझा मेहुणा आणि सासरवाडीचे सहा गडी, तेही मागं. पाण्याची दोन पिपं बैलांसाठी. मोजून बघितलं तर गाडीवर काय वजन झालं असेल ते मिस्त्रींना नुसतं सांगितलं असतं तरी त्यांनी डोळे मिटले असते. पण मी हवा बघितली होती. चारही चाकांना लाथ मारली होती, आणि चारही चाकं ठप म्हणाली होती.

काय ती निघण्याची मजा! नारायणगावातून जाताना मी मुद्दाम हळू घेतली, लोकांनी बैल बघावेत, झुली बघाव्यात, आणि नजर खाली गेलीच तर टायर बघावेत म्हणून. कळंब मागं टाकलं. ऊन तापायला लागलं. डांबर चकाकत होतं, मागं गडी आरोळ्या देत होते, आणि मी केबिनमध्ये एकटाच हसत होतो.

मंचरला घोडेगावच्या रस्त्याला वळलो, आणि थोड्याच वेळात मागून आवाज यायला लागला. फटक... फटक... फटक...

"दाजी!" मेहुण्यानं काचेवर थाप मारली. "हलगी कोन वाजवतंय?"

"यात्रा जवळ आली असंल," मी म्हणालो.

यात्रा अजून बरीच लांब होती, पण आनंदात माणूस हिशेब करत नाही. मी गाडी जरा पळवली. हलगीचाही वेग वाढला. फटकफटक, फटकफटक! मागचे गडी ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागले. एक जण शिट्ट्या मारायला लागला. मी अजून पळवली, हलगी अजून वाढली, आणि आरशात बघतो तर गडी हौद्यात नाचत होते. मामा एकटे दोन्ही बैलांचे कासरे धरून ओरडत होते. मला वाटलं, मामाही रंगात आलेत.

मामा ओरडत होते, "थांबवा! आरं थांबवा, चाक सोलतंय!"

धाड करून आवाज झाला. मी थांबलो. मागं वळून बघितलं तर रस्त्यावर टायरची वरची सगळी साल, गट्टू, नक्षी आणि केसांसकट लांबलचक पसरली होती. एखाद्या सापानं भर रस्त्यात कात टाकावी तशी. गड्यांनी टाळ्या थांबवल्या. हलगीही थांबली.

मामांनी ती साल उचलली, उलटी केली, वास घेतला. स्टेपनी काढली आणि मागच्या उजव्या चाकाला बसवली. तो जुना, दोन्ही कडा गेलेला, गोटा झालेला टायर. त्यावर थाप मारून मामा एवढंच म्हणाले, "म्हातारा कामाला आला."

घोडेगाव मागं पडलं. आता रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना माळ, आणि वाऱ्यावर यात्रेच्या कर्ण्याचा आवाज यायला लागला. पुकारणारा मोठ्या जोशात होता: "बावन्न नंबरचा गाडा, तयार राव्हा..."

आमचा नंबर साठ होता.

आणि फटक... फटक... या वेळी कुणीही टाळी वाजवली नाही. मागचं डावं चाक. धाड! दुसरी कात.

स्टेपनी संपली होती. घाट तीन किलोमीटरवर. बैल चालवत न्यावेत तर त्या उन्हात, त्या तापल्या डांबरावर खोंडांचे पाय जाणार, आणि पोचल्यावर पळणार काय, कपाळ? मागून एखादी गाडी यावी म्हणून आम्ही सगळे रस्त्याकडं बघत होतो. जी यायची ती माणसांनी भरलेली, बैलांना जागा नाही. कर्णा म्हणाला, "चोपन्न नंबर!" मी घामानं भिजलो होतो.

मामा चाकाजवळ बसले. बैलाच्या गुडघ्याला सूज आलीय का ते बघावं तसा त्यांनी साल गेलेल्या टायरवर तळवा ठेवला. वरचं रबर सगळं गेलं होतं. खालचा जुना सांगाडा मात्र उघडा पडून तसाच फुगलेला होता. "तापलंय," ते म्हणाले. "पर हवा हाय." मग उठले. "मानसं उतरा. समदी! बैलं फुडं सरकवा, उजव्या अंगाला बांधा. पिपं उतरवा."

"मामा, टायर फुटंल."

"फुटल तवा फुटल. तुमी बैलाच्या चालीनं हाना. लई शानपना नगं."

मग जी मिरवणूक निघाली तशी त्या यात्रेत दुसरी नव्हती. मी पहिल्या गिअरमध्ये, डोकं खिडकीबाहेर. मामा मागच्या डाव्या चाकाबरोबर अर्धे पळत, अर्धे चालत, पिपातलं पाणी तांब्यानं त्या टायरवर ओतत. पाणी पडलं की टायर चर्र करायचा आणि वाफ निघायची. दोन गडी पिपं खांद्यावर घेऊन मागं, बाकीचे घामाघूम होऊन पुढं. मेहुणा चपला हातात घेऊन घाटाच्या दिशेनं सुसाट पळत सुटला, ओरडत, "थांबवा रं! साठ नंबर आलाय! साठ नंबर आलाय!" वाटेत भेटलेली पोरंटोरं आमच्याबरोबर पळायला लागली. एका म्हातारीनं विचारलं, "देव हाय का काय गाडीत?"

"सत्तावन्न!" कर्णा म्हणाला.

"हाना!" मामा म्हणाले.

"मामा, तुम्हीच म्हणालात बैलाच्या चालीनं."

"शर्यतीच्या बैलाच्या!"

मी दुसरा गिअर टाकला. प्रत्येक खड्ड्याला मी डोळे मिटायचो, मग आठवायचं की गाडी मीच चालवतोय. वळण घेतलं आणि समोर माणसांचं रान दिसलं, झेंडे, धूळ, आणि भंडारा उधळून पिवळं झालेलं आभाळ. "साठ नंबर! साठ नंबरचा गाडा हाय का? शेवटचा पुकार!" आणि त्या गर्दीतून मेहुण्याचा फाटलेला आवाज: "हाय! हाय! हाय!"

जोडीदाराचे बैल जुंपून तयार होते. आमचे खोंड उतरवले कधी, जुंपले कधी, मला कळलं नाही. मला एवढंच दिसलं की मामांनी दोन्ही खोंडांच्या कानात काहीतरी सांगितलं, झेंडा पडला, आणि चौघं सुटले. धूळ, आरोळी, घुंगरं, आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर गाडा वर! मी गाडीच्या टपावर चढून नाचत होतो. त्या दोन खोंडांनी ज्या डौलानं शेवटची धाव घेतली, ती मला आजही डोळे उघडे ठेवून दिसते. पहिला नंबर नाही आला. पण पहिल्यांदाच पळालेल्या जोडीनं दुसऱ्या नंबराची ढाल आणली. मामांनी सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला, बैलांना लावला, जोडीदाराला लावला. मला लावला तेव्हा जरा जोरात दाबला. मग चिमूटभर भंडारा घेऊन साल गेलेल्या टायरलाही लावून आले.

परतताना जोडीदारानं त्याच्या गाडीची स्टेपनी दिली. पुढच्या दोन चाकांवरचे केस अजून जागेवर होते. मला ते आता बघवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतः माझ्याबरोबर मिस्त्रींच्या दुकानात आले. त्यांना ही भानगड समजून घ्यायची होती. रात्रभर त्यांच्या डोक्यात तेच होतं: बाजारात, त्यांच्या स्वतःच्या बाजारात, त्यांच्या जावयाला म्हातारं जनावर रंगवून विकलं गेलं होतं.

मिस्त्रींनी राहिलेला एक केसाळ टायर उतरवला, आत हात घातला आणि मामांचा हात धरून आत नेला. "चाचपा."

मामांनी चाचपलं. "ठिगळ हाय."

"दोन हायती. ह्यो टायर एकदा पुरता झिजल्याला. वर नवं रबर चढवून साच्यात घातला. साच्यातनं निघाला की केस येनारच, नव्यालाबी येत्यात, ह्यालाबी येत्यात. रिमोल्ड काय वाईट नसतो, पावणं. सांगाडा चांगला आसला, वजन बेतानं आसलं, तर चालतो. पर ह्यो सांगाडाच म्हातारा, वर ऊन, वर तुमचं समदं गाव हौद्यात."

"मंग वळखायचं कसं?" मामा पुढं सरकले. त्यांचे डोळे चमकत होते. बाजारात नवा बैल आल्यावर चमकायचे तसे.

"आत हात घाला. कडंला जोड दिसतो का बगा. जलमतारीख वाचा." मिस्त्रींनी आतून तो मास्तर टायर आणला आणि कडेवरचे चार आकडे दाखवले. "पयल्या दोन आकड्यांत आठवडा, फुडल्या दोनात साल. ह्या रंगवल्याल्यावर ती घासून टाकलीय. नवा आसला तरी लई दिस उन्हात पडल्याला घेऊ नका, रबर कडक हुतं, भेगा पडत्यात. नख दाबून बगा."

मामांनी नख दाबलं. दोन्ही टायरांवर आळीपाळीनं दाबलं. मग साध्या टायरभोवती चक्कर मारली, बैलाभोवती मारतात तशी, कडेवरचं वजन माझ्याकडून वाचून घेतलं, जन्मतारीख दोनदा वाचून घेतली. "दात दिसत्यात, वय दिसतंय, पाय सरळ हायती," ते मिस्त्रींना म्हणाले. "ह्यो घ्यायचा."

तेच चार टायर घेतले. मिस्त्रींनी चाकं सरळ करून घ्यायला लावली, माझ्या हातात हवेचा गेज दिला, आणि ठरावीक अंतरानंतर पुढचे टायर मागं, मागचे पुढं करायला यायचं असं बजावलं. मी गेलो, कारण मामा विचारायचे. त्या मास्तरांनी पुढं किती टमाटे, किती बैल आणि भीमाशंकरच्या किती खेपा ओढल्या, त्याची गणती नाही. शेवटपर्यंत सगळीकडून सारखे झिजले. आयुष्यात मी सरळ झिजवलेली ती पहिली वस्तू.

पण ते नंतरचं. त्या सकाळी टायर बसत असताना मिस्त्री आणि मामा बाकड्यावर चहा पीत बसले होते, जुने दोस्त असल्यासारखे. मी समोर उभा राहून केसांतून कंगवा फिरवत होतो. मिस्त्रींनी सहज विचारलं, "पावणं, बैल घेताना येवडं बगता, टायर घेतानाबी बगितलं. मंग जावई घेताना काय बगितलं व्हतं?"

मामांनी उतरवून ठेवलेल्या केसाळ टायरकडं बघितलं. मग माझ्या डोक्याकडं बघितलं. बशीतला चहा संपवला.

"आमीबी केसंच बगितली."